‘द हॉस्पिटल’ : संपादक कोण होता, ते आधी बघा

जुनं व्यावसायिक नियतकालिक हाती आलं की आपण थेट लेखच वाचायला लागतो. मीही तेच केलं आणि फसलो.

लंडनचं ‘द हॉस्पिटल’ हे साप्ताहिक हेन्री बर्डेट यांनी 1886 मध्ये काढलं. हा माणूस डॉक्टर नव्हता बरं का! बर्मिंगहॅमच्या क्वीन्स हॉस्पिटलचा कारभार बघून ते पुढे लंडनच्या शेअर बाजारात अधिकारी झाले. तिथली मोठी रुग्णालयं तेव्हा देणग्यांवर चालायची आणि हिशेब ज्याच्या त्याच्या पद्धतीने मांडायची. मग एका खाटेमागे कुठे किती खर्च होतो, हे ताडून कसं बघणार? सगळीकडे एकच हिशेबपद्धत हवी, हा बर्डेट यांचा हट्ट होता. तो मला आजही पटतो.

पण परिचारिकांच्या नोंदणीचा वाद घ्या. एथेल बेडफर्ड फेनविक यांना सरकारी नोंदणी हवी होती, बर्डेट विरोधात होते. शिवाय परिचारिकांसाठीचा पेन्शन फंड 1887 मध्ये उभा राहिला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे बातमी देणारा स्वतःच वादातला एक पक्ष! 1893 पासून फेनविक ‘नर्सिंग रेकॉर्ड’च्या संपादक होत्या, त्याही तितक्याच एकतर्फी. नोंदणीचा कायदा अखेर 1919 मध्ये झाला.

‘द हॉस्पिटल’चे अंक पबमेड सेंट्रलवर मोफत आहेत, म्हणून तेवढेच वाचून प्रकरण लिहू नका. त्याच आठवड्याचा ‘नर्सिंग रेकॉर्ड’ शोधा, शेजारी ठेवा आणि मगच टिपणं काढायला बसा.