तीन ब्रूटस

ब्रूटस हें नांव उच्चारतांच शेक्सपिअरच्या नाटकांतील सीझरचा मित्र आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु रोमच्या इतिहासांत या नांवाचे अनेक पुरुष होऊन गेले. त्यांपैकीं तिघांचीं चरित्रें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे पूर्वजाचें नांव माणसाकडून काय करवून घेतें, आणि काय त्याच्या शक्तीबाहेरचें असतें, हें उघड होतें.

पहिला ल्यूशियस ज्यूनियस ब्रूटस. ‘ब्रूटस’ म्हणजे जड, मंदबुद्धि. टार्क्विन राजाच्या जुलमांतून जीव वाचविण्यासाठीं त्यानें वेडाचें सोंग घेतलें, आणि इ. स. पूर्वीं ५०९ मध्यें त्याच राजास हांकून दिलें, अशी परंपरा आहे. राजास परत आणण्याच्या कटांत त्याचे दोन पुत्र सांपडले, तेव्हां कॉन्सल या नात्यानें त्यानें त्यांस देहान्त शिक्षा दिली. या कथेंत दंतकथेचा भाग मोठा आहे. पण रोमन लोकांनीं ती आपली मानली.

दुसरा मार्कस. इ. स. पूर्वीं ५४ च्या सुमारास त्यानें पाडलेल्या नाण्यांवर स्वातंत्र्यदेवता आणि तो आद्य ब्रूटस झळकला. वास्तविक पुत्रांस मारविणाऱ्या त्या पुरुषाचा वंश पुढें चालला कसा, अशी शंका प्राचीनांनींच काढली होती. परंतु नांवाला वंशावळीच्या पुराव्याची गरज नसते. इ. स. पूर्वीं ४८ मध्यें फार्सेलसच्या लढाईनंतर सीझरनें मार्कसला अभय दिलें, पुढें प्रेटरचें पदही दिलें. तरी ४४ सालीं सीझर तहहयात डिक्टेटर झाला, तेव्हां मार्कसच्या न्यायासनावर त्याला निद्रिस्त म्हणून हिणविणारे मजकूर दिसूं लागले. उपकारकर्त्याचें ऋण एकीकडे, नांवाचें ऋण दुसरीकडे. जड ठरलें तें नांवाचें.

तिसरा डेसिमस. इ. स. पूर्वीं ५६ मध्यें व्हेनेटी लोकांचें आरमार बुडविणारा हा सीझरचा विश्वासू सेनानी. मृत्युपत्रांत सीझरनें त्याला दुय्यम वारसांत गणलें होतें. १५ मार्च रोजीं घरींच राहूं पाहणाऱ्या सीझरचें मन वळवून त्याला सिनेटसभेस नेणारा हाच.

पुढच्याच वर्षीं डेसिमस मारला गेला. ४२ मध्यें फिलिप्पी येथें पराभूत मार्कसनें आत्महत्या केली. आणि २७ मध्यें सीझरचा दत्तक पुत्र ‘ऑगस्टस’ होऊन एकसत्ता स्थिरावली.

हा भेद कशानें पडला? आद्य ब्रूटसनें राजा घालविला तेव्हां त्याच्या जागीं एका वर्षाच्या मुदतीचे दोन कॉन्सल आले. सत्तेची रचनाच बदलली. उत्तरकालीन ब्रूटसांनीं माणूस मारला, पण त्याला मोठें करणारी व्यवस्था, म्हणजे राज्यापेक्षां आपल्या सेनापतीशीं एकनिष्ठ असलेलीं सैन्यें, तशीच राहिली. शिवाय पहिल्यानें आपलें स्वतःचें रक्त दिलें. पुढच्यांनीं आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याचें सांडलें. पूर्वजाचें नांव हातांत शस्त्र देऊं शकतें. त्याचा काळ आणि त्याचें कार्य मात्र तें परत आणूं शकत नाहीं.