जुना वाडा तोडायला देताय? आधी आपलाच इतिहास पाहा

अमरावतीकर, अकोलेकर मंडळी,

पावसाळा सरला की जुन्या शहरात तोडकामाचे ठेके सुटतात. ठेकेदार येतो, वाडा फिरून पाहतो, अन् कित्येकदा मालकाकडून पैसे मागायच्या ऐवजी मालकालाच पैसे देऊ करतो. कारण आत सागवान आहे. खांब, तुळया, दारं, चौकटी, सगळा माल त्याचा. मालकाला वाटते, बरं झालं, फुकटात जागा मोकळी होते. खरी गोम इथंच आहे.

आपल्या मुलखाला पाडकाम नवं नाही. अकोल्याचा असदगड घ्या. १६९७ च्या सुमारास, औरंगजेबाच्या काळात असदखानानं त्याची तटबंदी पक्की केली. १८७० च्या आसपास इंग्रजांनी हा किल्ला उतरवला. मधला हवाखाना राहिला. १९१० च्या गॅझेटियरात तिथं शाळा भरत असल्याची नोंद आहे. दहीहंडा वेशीवर बांधकामाच्या सालाचा शिलालेख आहे, तर अगरवेशीवरचा मराठी लेख सांगतो की किल्ला १८४३ मध्ये गोविंद आप्पाजींनी बांधला. दोन्ही लेख राहिले म्हणून तर हा वाद आज आपल्याला माहीत आहे. जे मलब्यात गेलं, ते कोण वाचणार?

अमरावतीचा परकोट निजामाच्या अमलात १८०७ मध्ये, पेंढाऱ्यांच्या भीतीनं उभा राहिला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. आतली वस्ती अशी दाटीची, की एकाची भिंत ती शेजाऱ्याचीही. तिथं एक घर तोडणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांना हात घालणं.

जुन्या वाड्यात भार पेलते तो लाकडी सांगाडा. माती-विटांची भिंत त्याला धरून उभी असते. ठेकेदाराची कमाई लाकडात, म्हणून त्याचा जीव तुळईवर. तुळई आधी ओढली की भिंत उघडी पडते. तोडकाम वरून खाली, मजल्यामागून मजला, टेकू लावूनच व्हायला पाहिजे. पण घाई मालाची असते.

नोटीस मिळाली म्हणजे धोका टळला, असंही नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली शिकस्त इमारतीवर कारवाई करता येते. ३० ऑक्टोबर २०२२ ला अमरावतीत प्रभात टॉकीज परिसरात जुनी इमारत कोसळली अन् पाच जण गेले. त्या इमारतीला आधीच नोटीस होती. कागद अन् काम यांच्या मधल्या दिवसांतच माणसं मरतात.

म्हणून भाऊ, ठेका देताना एवढं लिहून घ्या: कोणता भाग कोणत्या क्रमानं उतरवणार? शेजाऱ्याच्या भिंतीला टेकू कोण देणार? वीज तोडल्याशिवाय हात लावणार नाही ना? मजुरांचा विमा कोणाकडे? मलबा कुठं जाणार? काम अर्धवट सोडलं तर जबाबदारी कोणाची? अन् मालाची किंमत अन् तोडायची मजुरी वेगवेगळी मांडा. एकात एक मिसळली की सुरक्षेचा खर्च कोणाच्याच खात्यात राहत नाही.

शेजाऱ्याला आधी सांगा. पहिला घण पडण्याआधी वाड्याचे फोटो काढा. चौकटीवर साल, नाव कोरलेलं असेल तर तेही. ठेकेदार चार हजार जास्त देतो म्हणून नाही, तर वरच्या प्रश्नांची उत्तरं सहीनिशी देतो म्हणून निवडा.

तुमच्या गल्लीत शिकस्त घर असेल तर खाली लिहा. प्रभागाचं नाव पुरे, मालकाचं नको.