मत्स्यगंधेपासून काळूबाईपर्यंत

काही माणसांचा आवाज आपल्याला आधी भेटतो आणि चेहरा पुष्कळ वर्षांनी. आशालता वाबगावकर माझ्यासाठी तशा होत्या. ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली रंगभूमीवर आलं तेव्हा मी शाळेत होते. रेडिओवर त्यातली पदं लागली की घरातले सगळे गप्प व्हायचे. पुढे सिनेमात दिसणारी सोशिक आई म्हणजे तीच गायिका, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आजच्या मुलांना तर सांगूनही खरं वाटत नाही.

बाई मूळच्या गोव्याच्या. मुंबईच्या दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं हे नाटक केलं. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं, नाटकाला संगीत देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. समोर पराशर म्हणून रामदास कामत. अभिषेकीबुवांनी पदं आटोपशीर केली, प्रसंगात मुरवली. त्यामुळे नुसतं गाऊन भागत नव्हतं, गाताना सत्यवती दिसायला हवी होती. नावेतल्या अल्लड कोळ्याच्या पोरीच्या तोंडी चक्क बालकवींची कविता आली, ‘गर्द सभोवती रान’. बालकवी गेले १९१८ साली, पण ते शब्द तिथे किती चपखल बसले! आणि त्याच नटीने ‘अर्थशून्य भासे’मधला सगळा थकवाही गळ्यातून दाखवला. वय जेमतेम बाविशी-तेविशीचं!

पुढे संगीत नाटकांचे प्रयोग कमी होत गेले. गाणाऱ्या नटीने करायचं काय? आशालताबाई पडद्याकडे वळल्या. बासू चटर्जींचा ‘अपने पराये’ (१९८०), मग ‘उंबरठा’, ‘माहेरची साडी’. हिंदी-मराठी मिळून शंभरावर चित्रपट झाले, मग मालिका. तिथे कोणी त्यांना गा म्हटलं नाही. त्यांनी मात्र आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव ‘गर्द सभोवती’ ठेवलं. मला वाटतं, त्यात सगळं आलं.

आता शेवटाबद्दल. करोनाच्या काळात, ३० मे २०२० च्या सरकारी नियमावलीने पासष्टीपुढच्या कलाकारांना चित्रीकरणाला मनाई केली होती. एक ज्येष्ठ नट कोर्टात गेले आणि ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आशालताबाई ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेसाठी साताऱ्याकडे चित्रीकरणाला गेल्या, तिथेच त्यांना लागण झाली आणि २२ सप्टेंबरला साताऱ्यात त्या गेल्या. वय ७९.

तेव्हा आमच्या घरातही पुष्कळ जण म्हणाले, “या वयात कशाला जायचं?” मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आम्हा शिक्षकांना ५८व्या वर्षी नारळ देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरायचा नसतो, तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. माणसाला जपावं, जरूर जपावं, पण जपण्याच्या नावाखाली त्याचं काम काढून घेऊ नये. कोर्टाने न्यायच केला होता. चूक कोणाची म्हणावी तर त्या रोगाची.

असो. वरची दोन्ही पदं लागोपाठ ऐका. तरुण सत्यवती आणि थकलेली सत्यवती, आवाज एकच.