निरोगी अर्ध्याची साक्ष : एका ब्रिटिश ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीतून

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव, पेटंटचे वर्ष आणि विक्रीचा काळ नोंदवून थांबतो. यंत्र बिघडल्यानंतरचे त्याचे आयुष्य बहुधा नोंदीबाहेर राहते. प्रस्तुत लेखात हे उत्तरायुष्य क्वाड ३०३ या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या आधारे पाहायचे आहे.

ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१मध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरात वाजवता येणाऱ्या स्टिरिओ तबकड्या मात्र १९५८च्या सुमारास बाजारात रुळल्या. पीटर वॉकर यांनी १९३६मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे हंटिंग्डनला स्थिरावलेल्या कंपनीने १९६७मध्ये ३०३ आणला. व्हॉल्व्ह मागे पडून ट्रान्झिस्टर येण्याचा तो काळ. प्रत्येक चॅनेलला ४५ वॅट देणारे हे यंत्र १९८५पर्यंत बनत राहिले.

ध्वनीला दिशा मिळावी म्हणून स्टिरिओमध्ये दोन चॅनेल आले. पण त्यातून दुरुस्ती करणाऱ्यालाही एक साधन मिळाले. ३०३मध्ये डाव्या आणि उजव्या चॅनेलचे बोर्ड एकसारखे आहेत. म्हणजे आजारी अर्ध्याशेजारीच निरोगी अर्धा बसलेला असतो. दोन पोथ्या ताडून पाहिल्या की लेखनिकाची चूक उघडी पडते, तसेच हे.

समजा, डावीकडचा आवाज पोकळ येतो आहे. यंत्र बंद करून आत येणाऱ्या तारांची अदलाबदल करावी. दोष उजवीकडे गेला, तर तो ॲम्प्लिफायरच्या आधीच्या साखळीत आहे. डावीकडेच राहिला, तर तारा पूर्ववत करून स्पीकर बदलून पाहावेत. आता दोष त्याच स्पीकरमागे गेला, तर स्पीकर खराब. दुसरा स्पीकर पोकळ वाजू लागला, तर मात्र झाकण उघडायचे. आतले मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतात. तो उतरवल्याशिवाय हात घालू नये.

दोन्ही चॅनेलना वीजपुरवठा एकच आहे, ६७ व्होल्टचा. गुणगुण दोन्हीकडे असेल, तर संशय आधी त्याच्यावर. दोष एकाच बाजूला असेल, तर त्या चॅनेलचा मध्यबिंदू मोजायचा. तिथे पुरवठ्याच्या निम्मे, सुमारे ३३.५ व्होल्ट असायला हवेत. नसतील, तर दोष बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरांत किंवा रोधकांत शोधावा. असतील आणि तरीही खर्ज हरवलेला असेल, तर बोट स्पीकरकडे जाणाऱ्या कपॅसिटरकडे वळते.

हा कपॅसिटर २००० मायक्रोफॅरडचा. त्याचे काम, संगीत जाऊ देणे आणि स्थिर व्होल्ट स्पीकरपासून अडवणे. ८ ओहमच्या स्पीकरसोबत तो १० हर्ट्झच्या आसपास कापू लागतो. तिथे ऐकण्यासारखे काही नसते. पण आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो. क्षमता २०० मायक्रोफॅरडवर आली, तर हीच मर्यादा १०० हर्ट्झवर चढते आणि तबल्याच्या डग्ग्याचा खालचा घुमारा नाहीसा होतो. कुणाचा हलगर्जीपणा नव्हे, हे त्या सामग्रीचे वय आहे.

खरा वाद इथे सुरू होतो. संग्राहकाला यंत्र 'अस्सल' हवे असते. प्रत्येक जुना भाग जागच्या जागी. नवे कपॅसिटर बसवले, तर ते १९६७चे यंत्र राहील का?

उत्तर त्या यंत्राच्या उद्देशातच आहे. वॉकर यांच्या कंपनीने मूळ ध्वनीच्या जवळ जाण्याचा ध्यास मिरवला. मूळ सुट्या भागांचा नव्हे. सुकलेल्या कपॅसिटरसह जपलेले ३०३ दिसायला अस्सल असते, पण त्याचा आवाज १९६७चा नसतो. उलट सर्किट डायग्रामशी इमान राखून भाग बदललेले यंत्र आपल्या निर्मात्याचे म्हणणे पुन्हा सांगू लागते. काढलेले भाग मात्र टाकू नयेत. तारीख आणि कारण लिहून यंत्रासोबत ठेवावेत, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळेल.

हे शक्य होते ते दोनच गोष्टींमुळे : उपलब्ध असलेला सर्किट डायग्राम आणि स्क्रू काढून उघडता येणारी पेटी. पूर्ण चिकटवून बंद केलेल्या, डायग्राम न दिलेल्या आजच्या उपकरणांना असे उत्तरायुष्य मिळणे अवघड आहे. त्यांच्या इतिहासात विक्रीच्या वर्षानंतर बहुधा एकच नोंद उरेल, भंगारात गेल्याची.