निरोपाचा खेळ

नाशिक रोडच्या माणसाला पाहुण्यांची सवय असते. आगगाडी नाशकात शिरलीच नाही; ती पाच-सहा मैलांवरून निघून गेली आणि वाटेवरच्या स्टेशनाला 'रोड' हे नाव पडले. 1889 मध्ये उभारलेली घोड्यांची ट्राम पाहुण्याला येथून थेट मेन रोडवर नेऊन सोडी. ट्राम गेली, तरी यजमानाची पहिली परीक्षा अजून आमच्याच फलाटावर होते. हार आणला का, गाडी आली का, आणि पाहुणे उतरले कुठल्या डब्यातून!

समारंभ पाहुण्यांच्या कायमचा लक्षात राहावा म्हणून काय करावे, असा विषय निघाला की मी 21 डिसेंबर 1909 च्या रात्रीची गोष्ट सांगतो.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन बढतीवर मुंबईस निघाला होता. गावातल्या मंडळींनी त्याला निरोप द्यायचे ठरवले. बेत विचारपूर्वक आखलेला होता. पाहुणा संस्कृतचा व्यासंगी, मराठी जाणणारा. तेव्हा नुसती भाषणे न करता विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा खेळ ठेवला. थेरड्याच्या लग्नाचे नाटक निरोपाला कसले, असे कुणी म्हणेल. पण देवलांचे हे नाटक 1899 पासून गाजत होते, आणि किर्लोस्करांचा खेळ लावणे म्हणजे घरातली ठेवणीतली पैठणी बाहेर काढणे होते. पाहुण्याची आवड ओळखून केलेला असा पाहुणचार आजही थोड्यांनाच साधतो.

पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती, आणि त्या खटल्यामागे जॅक्सन होता हे गावात कुणापासून लपलेले नव्हते. ज्या गावातून एक माणूस काळ्या पाण्यावर गेला, तेच गाव आता हार गुंफत होते. यजमानांना मी भित्रे म्हणणार नाही. साहेब विद्वान होता, काहींना मनापासून आवडतही असेल. मात्र गावाची दोन मने होती आणि निमंत्रणे एकाच मनाने लिहिली होती.

शिवाय निरोपाची तारीख, वेळ, जागा जाहीर झाली, ती सर्वांनाच कळली. औरंगाबादेस शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेऱ्यालाही. पाहुणा मुंबईस गेला की हाती लागणार नव्हता. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही त्या रात्री प्रेक्षकांत होते. जॅक्सन आत आला, आसनाकडे निघाला, आणि अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या त्या मुलाने समोर येऊन पिस्तूल झाडले. पाहुणा तिथेच संपला. कान्हेरे जागीच पकडला गेला.

पुढे नाशिक कटाचा खटला उभा राहिला. ते पिस्तूल विलायतेहून विनायक सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी निघाले, आणि त्याची झळ लंडनपर्यंत पोहोचली. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघेही फाशी गेले.

नाशकातल्या गोल्फ क्लबच्या मैदानाला पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव मिळाले. तेथे क्रिकेटचे सामने होतात, सभा होतात, आणि पत्रिकेवर 'स्थळ' म्हणून ते नाव छापले जाते.