वसईचे स्वार, मारवाडची वाळू

हल्ली आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी राजस्थानात जाऊन मारवाडी घोड्यावरून वाळवंटाची सफर करून येतात, ही संतोषाची गोष्ट होय. टोके आत वळलेल्या कानांचे ते उमदे जनावर पाहण्याजोगेच आहे. परंतु त्या वाळूचे आपल्या वसईशी असलेले नातेही त्यांच्या ध्यानी असावे, असे आम्हांस वाटते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला. त्या मोहिमेत राणोजी शिंदे होते. पुढे त्यांचे पुत्र जयाप्पा यांनी मारवाडात उतरून जोधपूरच्या विजयसिंहास नागोरच्या किल्ल्यात कोंडले. मराठी स्वाराचे बळ त्याच्या वेगात. पण घोड्यास वैरण व पाणी हवे, आणि वाळवंटात दोन्ही दुर्मिळ. वेगासाठी नावाजलेली फौज महिनोन्‌महिने एके ठायी खिळून राहिली. जुलै १७५५ मध्ये बोलणी करण्याच्या मिषाने आलेल्या मारेकऱ्यांनी जयाप्पांचा छावणीतच घात केला. बंधू दत्ताजींनी मात्र वेढा उठविला नाही. १७५६ च्या तहाने अजमेर मराठ्यांकडे आले.

नागोरनजीक ताऊसर येथे जयाप्पांची छत्री आहे. वाळवंटाच्या सफरीस निघालेल्या आमच्या मुलांनी तेथे घटकाभर थांबून मस्तक लववावे, एवढीच विनंती.