कॉन्व्हेंटच्या भिंतीबाहेर

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा. मीही तेच समजायचो. मूळ अर्थ मात्र नन्सचा मठ. आणि मेरी वॉर्डचं भांडण नेमकं त्या मठाच्या भिंतींशीच होतं.

१६०९ च्या सुमारास या इंग्लिश बाईने सेंट ओमेरला मैत्रिणींसह संस्था सुरू केली. जेझुइटांसारखं मोकळेपणी फिरायचं, मुलींना शिकवायचं. पण नन्सनी बंदिस्त मठातच राहावं, हा चर्चचा नियम. १६३१ मध्ये पोपने संस्था बरखास्त केली आणि मेरीला म्युनिकच्या एका मठात डांबलं. तिथून ती सहकारणींना लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची; कागद शेकला की अक्षरं उमटायची.

काही शाळा तरीही तगल्या. पण १७४९ मध्ये तिला संस्थापक म्हणायलाही बंदी आली. १८४१ च्या अखेरीस याच परंपरेतल्या लोरेटो नन्स आयर्लंडहून कोलकात्याला आल्या, तेव्हाही ती बंदी होतीच. उठली ती १९०९ मध्ये.

मुली शिकाव्यात म्हणून ती कैदेत गेली, आणि तिच्याच शाळांत तिला संस्थापक म्हणायची सोय नव्हती. कॉन्व्हेंटची ओळख म्हणजे युनिफॉर्म आणि इंग्रजी, असं कोणी म्हटलं की मला आता ती पत्रं आठवतात.